हरल्यावर येणारा पश्चात्ताप

माझा पश्चात्ताप नेहमी हरल्यावरच यायचा. रात्री दीड-दोनला खात्यातले पैसे संपले की मोबाईल उशीखाली सरकवायचो, अंधारातच गुडघ्यांवर यायचो आणि आवाज न करता रडायचो. प्रभू, ही शेवटची वेळ, पुन्हा नाही. ते अगदी मनापासून असायचं. पण ज्या रात्री जिंकायचो त्या रात्री छान झोप लागायची. जिंकून उठल्यावर देवाची माफी मागितल्याचं मला एकदाही आठवत नाही. ही गोष्ट डोळ्यांसमोर असून दिसायला काही वर्षं गेली.

मी ऑनलाइन रमी खेळायचो. आमचं घराणं नगरचं, जुनं मिशनवालं. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला काम सुरू केलं, त्यानंतर केव्हातरी खेड्यातल्या आमच्या पूर्वजांचा बाप्तिस्मा झाला. त्या पिढ्यांचा ख्रिस्तीपणा कडक. दारू नाही, तंबाखू नाही, रविवारी बाजारहाट नाही आणि पत्ते तर उंबऱ्याच्या आत आणायचेच नाहीत. आजोबा पत्त्यांना सैतानाची पोथी म्हणायचे आणि आम्ही पोरं हसायचो. माझ्या घरात पत्त्यांचा कॅट आजही नाही. पत्ते मोबाईलमधून आले, आणि मोबाईलला उंबरा नसतो.

सुरुवात लॉकडाऊनमध्ये झाली. पतसंस्थेतली माझी नोकरी चालू होती, पण पगार अर्धा. ॲप उतरवलं की खेळायला थोडे पैसे फुकट मिळायचे, त्यात एका रात्री साडेतीनशे रुपये झाले आणि ते खरोखर खात्यात आले. तिथून पुढे काय होतं ते खेळलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. फक्त एक सांगतो. मी हे पाप आहे असं म्हणतच नव्हतो. १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं होतं. रमीवाल्या कंपन्या त्याचा डंका पिटायच्या आणि मीही तेच स्वतःला ऐकवायचो. मटका म्हणजे जुगार, लॉटरी म्हणजे नशीब, रमी म्हणजे डोकं. आणि डोकं देवानेच दिलेलं!

हिशोबातही मी असाच हुशार. एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ कमाईवर ३० टक्के टीडीएस कापायला लागले. वर्षभरात भरल्यापेक्षा काढलेले पैसे जास्त असले तरच तो कापला जायचा. माझा कधी कापलाच गेला नाही. दिवसभर दुसऱ्यांचे व्याजाचे तक्ते तपासणारा माणूस मी, आणि टीडीएस वाचला म्हणून खूश होतो.

दर वर्षी ३१ डिसेंबरला वॉचनाइट उपासनेत बाराच्या ठोक्याला सगळी मंडळी गुडघे टेकते, तेव्हा मी नवस केल्यासारखी वचनं द्यायचो. घरी येऊन ॲप उडवायचो. संक्रांतीच्या आसपास पुन्हा घ्यायचो. ॲपला आपली ओळख असते. परत आलात म्हणून ते बोनस देतं. बायबलमधल्या गोष्टीत परतलेल्या उधळ्या पुत्राकडे त्याचा बाप धावतो, तसं धावत येतं म्हणा ना, फक्त उलट दिशेने.

एका कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे मंडळीच्या मोठ्या प्रार्थनासभेत, बाहेरून आलेल्या प्रचारकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मी खाली पडलो. उठल्यावर अंग पिसासारखं हलकं, आता सुटलो असं वाटलं. ते हलकेपण खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या पगारापर्यंतही ते टिकलं नाही आणि मग दुप्पट खोल गेलो, कारण आता लाजही दुप्पट होती. एका रात्रीत सुटका देतो म्हणणाऱ्या सभांबद्दल माझं मत तेव्हापासून जरा कडू आहे. ज्यांची खरंच सुटका होते त्यांच्याबद्दल देवाचे आभार. माझ्यासारखे बरेच जण दुसऱ्या आठवड्यात पुन्हा पडतात आणि मग सभेला येणंच सोडून देतात. त्यांची साक्ष कोणी मागत नाही.

दुसरा आसरा बायबलमधल्या प्रेषित पौलाचा. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात तो म्हणतो की जे चांगलं करावंसं वाटतं ते मी करत नाही, नको असलेलं वाईट तेच करतो. हा उतारा मला पाठ होता. पौलाची ही गत, तर माझी काय कथा, असं म्हणून मी त्याच्या पदराआड लपायचो. सुटकेचा आठवा अध्याय त्याच पानावर सुरू होतो. तिकडे माझी नजर कधी गेली नाही.

२०२४ चा लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ. पवित्र सप्ताहातल्या मंगळवारी रात्री मी बसलो आणि तेवीस हजार जिंकलो. इतके कधीच आले नव्हते. बुधवारी कापडबाजारात जाऊन बायकोला मोरपंखी साडी घेतली, मुलीला ईस्टरसाठी फ्रॉक घेतला. "एवढे पैसे कुठनं आले?" तिने विचारलं. मी म्हटलं, "एरियर्स निघाले." तिने साडी खांद्यावर टाकून आरशात पाहिलं, आणि आई म्हणाली, "देवाने ऐकलं गं बाई." मीही मान हलवली.

शुक्रवारी २९ मार्चला गुड फ्रायडेची उपासना होती. आमच्याकडे बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. नगरचं मार्चअखेरचं ऊन, पंखे गरम वारा फेकत होते, पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या उपासना संगीताच्या पुस्तकांनीच वारा घेत होत्या. पहिला उद्गार सगळ्यांना पाठ असतो: हे बापा, त्यांना क्षमा कर. त्यावर बोलायला हायस्कूलच्या एक निवृत्त बाई उभ्या राहिल्या. त्यांनी लूक २३ मधलं चौतिसावं वचन वाचलं, पण आपण सगळे थांबतो तिथे त्या थांबल्या नाहीत. वचन पूर्ण वाचलं. क्षमेच्या वाक्याला लागूनच, त्याच वचनात, शिपायांनी चिठ्ठ्या टाकून त्याची वस्त्रं वाटून घेतल्याचं लिहिलेलं आहे.

बाई त्यावर दोनच वाक्यं बोलल्या असतील आणि पुढे गेल्या. मी तिथेच अडकलो. योहान सांगतो की शिपाई चौघं होते आणि अंगरखा बिनशिवणीचा, वरपासून खालपर्यंत सलग विणलेला, म्हणून तो न फाडता त्यावर चिठ्ठ्या टाकल्या. म्हणजे चौघांपैकी एक जण जिंकला. डोक्यावर तिघं खिळलेले, आणि हा पठ्ठ्या अंगरख्याची घडी घालतोय. संध्याकाळी घरी गेला असेल, बायकोला दाखवला असेल. त्याला त्या रात्री वाईट वाटायचं काय कारण? तो तर जिंकला होता.

माझ्या शेजारी बायको नवीन साडी नेसून नव्हती, गुड फ्रायडेला आमच्यात पांढरं नेसतात. मोरपंखी साडी ईस्टरसाठी इस्त्री करून ठेवलेली होती. उरलेले सहा उद्गार मी ऐकलेच नाहीत. आजवरचे माझे सगळे अश्रू मला एकेक करून आठवत होते आणि त्यातला प्रत्येक पैशासाठी होता. पौलानेच करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दोन दुःखं वेगळी केली आहेत. एक देवाच्या इच्छेप्रमाणे होणारं, जे माणसाला वळवतं, आणि एक जगाचं, जे मरणाकडे नेतं. मी दुसऱ्यालाच पहिलं समजून इतकी वर्षं गुडघे झिजवले होते.

लगेच उठून कबुली दिली असं झालं नाही. ईस्टर झाला, साडी नेसून झाली, फोटो निघाले. त्या आठवड्यात मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेलो. एकटे सापडावेत म्हणून दुपारी गेलो. ते वेस्ट्रीत, म्हणजे चर्चला लागून असलेल्या खोलीत, मंडळीच्या नोंदवहीत बाप्तिस्म्यांच्या नोंदी लिहीत होते. मी सगळं सांगितलं, निदान पुष्कळसं. वाटलं होतं, आता हे उठतील, डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, "साधारण किती वाजता बसतोस?"

"दहानंतर. सगळे झोपले की."

"कुठं?"

"बाहेरच्या खोलीत, दिवाणावर."

"त्याच्या आधी काय झालेलं असतं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यांनी याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय उघडला आणि चौदावं-पंधरावं वचन माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. वासना ओढते, भुलवते, मग ती गर्भवती होऊन पापाला जन्म देते आणि पाप वाढून मरणाला जन्म देतं. "यात ओळ आहे बघ," ते म्हणाले. "तू प्रत्येक वेळी बाळंतपणाच्या खोलीत येऊन भांडतोस. तेव्हा उशीर झालेला असतो."

मग चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इव्हाग्रियस नावाच्या एका संन्याशाबद्दल सांगितलं. पाळकसाहेब पुण्याला थिऑलॉजी शिकलेले, असली माणसं त्यांच्या खिशात असतात. या इव्हाग्रियसने माणसाला छळणाऱ्या विचारांचे आठ प्रकार मांडले; पुढे त्यातूनच सात घातक पापांची यादी तयार झाली. त्याचा सल्ला साधा होता: विचार आला की त्याच्यावर नजर ठेव. कधी येतो, कशाच्या पाठोपाठ येतो, कोणता जोरात असतो, कोणता लवकर विरतो. मला कागद देऊन पाळकसाहेब म्हणाले, महिनाभर हे लिही. खेळलास तरी लिही, नाही खेळलास तरी लिही.

आणि दोन गोष्टी लगेच करायला सांगितल्या. रविवारचं दानार्पण मोजायला आम्ही दोघं जण बसायचो, त्यातून मी बाजूला व्हायचं. "तू कधी हात लावलास असं मी म्हणत नाही. पण तहानलेल्याला विहिरीच्या काठावर बसवू नये." हे मला झोंबलं. हात खरंच लावला नव्हता, पण एकदा महिला मंडळाच्या पाकिटाकडे मी जरा जास्त वेळ पाहिलं होतं, आणि ते मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट: "बायकोला सांग. आज."

आम्हा प्रॉटेस्टंट लोकांना पापाची कबुली थेट देवाजवळ द्यायची सवय. मधे माणूस नको, याचा आम्हाला अभिमानही असतो. तत्त्व म्हणून ते ठीकच आहे. पण त्या तत्त्वाच्या आडोशाला माझं गुपित आरामात राहत होतं. देवाला सगळं आधीच ठाऊक असतं, म्हणून त्याला सांगताना मला घाम कधी फुटला नाही. आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा असं याकोबानेच पाचव्या अध्यायात लिहून ठेवलंय, त्यावर मात्र आमच्याकडे फारसा उपदेश होत नाही.

रात्री मुलगी झोपल्यावर बायकोला सांगितलं. ती ओरडली नाही. तिने भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, मागच्या महिन्याचं पान उलटं केलं आणि पेन माझ्या हातात दिलं. "आकडे लिहा." पतसंस्थेचं स्टाफ लोन, मामांकडून घेतलेले साठ हजार, एका लोन ॲपचे अठरा, आणि तिच्या पाटल्या, ज्या बँकेच्या लॉकरमध्ये आहेत असं तिला वाटत होतं आणि ज्या गहाण होत्या. बेरीज तिनेच केली. तीन लाख बारा हजार. बराच वेळ त्या आकड्याकडे बघून ती म्हणाली, "देवाने तुम्हाला माफ केलं असेल. मला वेळ लागंल." साडी ती पुन्हा कधी नेसली नाही. विकलीही नाही, कुणाला दिलीही नाही. कपाटात आहे.

सकाळी माझं एटीएम कार्ड तिच्याकडे गेलं. पगाराच्या खात्यावरून यूपीआय काढून टाकलं आणि दुसऱ्या एका खात्यात भाजीपाला-पेट्रोलपुरते पैसे ती टाकायला लागली. चाळिशीच्या माणसाने पंक्चर काढायला बायकोकडे पन्नास रुपये मागायचे, हे सोपं नसतं. पाळकसाहेबांना म्हटलं, ही तर माझ्यावर पाळत झाली, यात विश्वास कुठं आला? ते म्हणाले, योसेफाने पोटीफराच्या घरात काय केलं? बसून प्रार्थना नाही केली. पोटीफराच्या बायकोने धरलं तेव्हा वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला. पळणं हाही विश्वासच आहे.

कागदावर लिहायला लागलो तेव्हा मला धक्काच बसला. मला वाटायचं मी पैशाच्या ओढीने खेळतो. नोंदी वेगळंच सांगत होत्या. ज्या दिवशी साहेबांनी चारचौघांत पाणउतारा केला, त्या रात्री हमखास. मेहुण्याने नव्या गाडीचा फोटो टाकला, त्या रात्री. शनिवारी रात्री, रविवारच्या शाळेचा धडा चांगला तयार झाला की बक्षीस म्हणून. हप्त्याची तारीख जवळ आली की भीतीने. पैशाचा मोह चौथ्या नंबरवर होता. पहिला होता तो दिवसभरात एकदा तरी कुठेतरी जिंकल्यासारखं वाटण्याचा. "डिक्लेअर" दाबल्यावर पडद्यावर ज्या रंगीत चकत्या उडतात ना, त्या मला पगारवाढीपेक्षा गोड वाटायच्या. हे वाचायला बावळटपणाचं वाटेल, पण कागदावर तेच होतं.

इव्हाग्रियसचा आणखी एक धडा म्हणजे प्रत्येक विचाराला शास्त्रातलं उत्तर आधीच हाताशी ठेवायचं. हे तो येशूकडून शिकला. अरण्यात सैतानाने तीनदा मोह घातला, तीनही वेळा येशूने जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलंच वचन दिलं, सहाव्या आणि आठव्या अध्यायातलं. ती उत्तरं त्या क्षणी सुचलेली नव्हती, लहानपणापासून तोंडात होती. मी खिशातल्या छोट्या डायरीत माझी उत्तरं लिहिली. अपमानासाठी एक, हेव्यासाठी एक, भीतीसाठी इब्री लोकांस पत्रातलं तेराव्या अध्यायाचं पाचवं, ज्यात आपल्याजवळ आहे त्यात समाधानी राहायला सांगितलंय आणि मी तुला सोडणार नाही असं देवाचं आश्वासन आहे. घाईने मिळवलेलं धन आटतं, हे नीतिसूत्राच्या तेराव्या अध्यायातलं वचन बायकोने सुचवलं. जरा टोचूनच सुचवलं.

वचनं मंत्रासारखी चालतात असं मला म्हणायचं नाही. कित्येकदा डायरी हातात असायची आणि ओढ तसूभरही कमी व्हायची नाही. पण ओढीला एक चढ असतो आणि एक उतार असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं, कारण मी चढावरच हार मानायचो. पंधरा-वीस मिनिटं कशाला तरी धरून काढली की ती ओसरते. वचन हे धरायला होतं.

खरा आधार मिळाला आबांचा. आबा आमच्या मंडळीतले, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. तरुणपणी दारू आणि तीनपत्ती दोन्ही करून बसलेले आणि दोन्ही सोडून मोकळे झालेले. पाळकसाहेबांनी माझी परवानगी घेऊन त्यांना सांगितलं. ठरलं असं की रोज रात्री साडेदहाला मी त्यांना फोन करायचा. काही झालेलं असो नसो. पहिले काही दिवस दोघांनाही बोलायला विषय नसायचा. ते कांद्याच्या भावावर बोलायचे. एकदा त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या खेळात पयल्याच हाताला पानं टाकून उठलं तर किती जातात?"

"वीस पॉइंट."

"आन् बसून ऱ्हायलं तर?"

"मधे सोडलं तर चाळीस. शेवटपर्यंत बसून हरलं तर ऐंशी."

"मंग लेका, ईस दिऊन उठत जा की."

रमीतला ड्रॉप मी हजारो वेळा दाबला असेल, पण असा कधी पाहिला नव्हता. वीस म्हणजे काय, तर साडेदहा वाजून गेल्यावर म्हाताऱ्या माणसाला पुन्हा फोन करून "आबा, आज जड जातंय" म्हणण्याची लाज. वीस म्हणजे झोपलेल्या बायकोला हलवून मोबाईल तिच्या उशाशी ठेवणं. प्रत्येक वेळी काहीतरी जातंच. मी इतकी वर्षं एकही पॉइंट न देता सुटायला बघत होतो.

रिकाम्या घराचा दाखला मत्तयाच्या बाराव्या अध्यायात आहे. अशुद्ध आत्मा निघून जातो, परत येऊन बघतो तर घर झाडून-पुसून रिकामं, मग तो आपल्यापेक्षा वाईट असे आणखी सात घेऊन येतो. माझे दहा ते बारा हे दोन तास तसेच रिकामे होते. दिवाण आम्ही बाहेरच्या खोलीतून काढला. मी आईच्या खोलीत बसायला लागलो. तिला रात्री झोप येत नाही. मी तिला स्तोत्रं वाचून दाखवायचो आणि ती मधेच थांबवून आजोळच्या गोष्टी सांगायची. माझ्या खेळाबद्दल तिला आम्ही अजूनही सांगितलेलं नाही. त्यावर बायकोचं आणि माझं एकमत आहे, पाळकसाहेबांचं नाही.

प्रभूची प्रार्थना मी तोतरं बोलायच्या वयापासून म्हणत आलोय. "आम्हांस परीक्षेत आणू नको" हे मी नेहमी परीक्षेत, म्हणजे मोहात, शिरल्यावर म्हणायचो, बुडताना हात वर करावा तसं. आता सकाळी दात घासायच्या आधी म्हणतो, आणि ते म्हटल्यावर आज काय काय वाट्याला येणार आहे ते जरा डोळ्यांपुढे आणतो. आज ऑडिट आहे. आज मामा भेटणार. आज दहा तारीख. म्हणजे रात्री जड जाणार. मग आबांना सकाळीच सांगून टाकतो.

एवढं सगळं करूनही पडलो. आईला सिव्हिलमध्ये दाखल केलं होतं, रात्री कॉरिडॉरमध्ये बसायची पाळी माझी. औषधांसाठी म्हणून खात्यात जास्तीचे पैसे होते. शेजारच्या पेशंटचा मुलगा मोबाईलवर खेळत होता, मी नुसता बघत होतो. बघता बघता माझ्याही हातात डाव होता. चार हजार गेले. फरक एवढाच की या वेळी गुडघ्यांवर पडून नवस केले नाहीत. पहाटे चारला आबांना फोन लावला. त्यांनी शिवी दिली, मग म्हणाले, "गाडी खड्ड्यात गेली म्हणून कुणी गाडी सोडून घरी जात न्हाई. सकाळी बायकोला सांग." सांगितलं. औषधांचे पैसे तिने तिच्या भिशीतून भरले.

त्यानंतर पाळकसाहेबांनीच मला डॉक्टरांकडे पाठवलं. जुगाराची सक्ती हा आजार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आहे आणि नव्या यादीत तो दारू-ड्रग्जसारख्या व्यसनांच्या सोबत ठेवलाय. मला हे ऐकून बरंही वाटलं आणि रागही आला, कारण आजार म्हटलं की पाप कुठं गेलं? डॉक्टर हिंदू होते, त्यांनी हा प्रश्न माझ्यावरच सोडला. पाळकसाहेब म्हणाले, तुझा पाय मोडलाय आणि तो तूच उडी मारून मोडलाय. प्लास्टरही लागेल आणि उडी का मारली तेही बघावं लागेल. समुपदेशन सहा-सात महिने चाललं. ज्यांना नगर-पुण्याला जाणं जमत नाही त्यांना सरकारच्या टेलि-मानसच्या १४४१६ या नंबरवर फुकट बोलता येतं. विश्वास कमी पडला म्हणून डॉक्टर, असं मंडळीत कोणी म्हणालंच तर म्हणू द्यावं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली आणि त्याच सुमारास मोठ्या ॲपांनी पैशांचे डाव बंद केले. बायकोने पेपर माझ्यापुढे ठेवला. मला आनंद झाला, कायदा चांगलाच आहे, चार वर्षं आधी आला असता तर पाटल्या घरात असत्या. पण त्याच आठवड्यात मोबाईलवर अनोळखी नंबरांवरून लिंका यायला लागल्या, परदेशातल्या साइट्स, टेलिग्रामचे ग्रुप. एका लिंकवर माझं बोट थांबलं होतं. ते मी साडेदहाच्या फोनवर सांगितलं. आबा म्हणाले, "दारूबंदी झालेल्या गावात मी लई प्यालोय." दुसऱ्या दिवशी नंबर बदलला.

मागच्या वर्षी कन्व्हेन्शनला साक्ष द्यायला सांगितलं. साक्षीचा एक साचा असतो, आधी अंधार आणि नंतर लख्ख उजेड. मला ते जमणार नव्हतं. नाही म्हणत होतो, शेवटी पाच मिनिटं बोललो. म्हटलं, मामांचे बावीस हजार अजून द्यायचेत, पाटल्या परवाच्या महिन्यात सुटल्या, खातं अजून बायकोकडेच आहे, आणि ओढ गेली असं मी म्हणू शकत नाही, तिच्या येण्याच्या वेळा आता मला माहीत आहेत. टाळ्या-हालेलूया बेताचेच झाले. खाली उतरल्यावर तरुण संघातला एक मुलगा मंडपाच्या मागे भेटला. क्रिकेटवर लावतो म्हणाला. त्याला मी विचारलं, किती वाजता, कुठं बसून, आणि घरात कुणाला माहीत आहे. आता तो मला रात्री पावणेअकराला फोन करतो, माझा आबांचा फोन झाला की.

गेल्या महिन्यात पाळकसाहेबांनी दानार्पण मोजायला परत ये म्हणून विचारलं. मी नको म्हटलं. तिथे आता दुसरे जण बसतात आणि त्यांचा हिशोब चोख असतो.